डाळीतला खडा

काही महिन्यांपूर्वी एका महाविद्यालयात 'मराठी साहित्यातील समुद्र' या विषयावर दोन दिवसांचे चर्चासत्र झाले. दुसऱ्या दिवशी, जेवणानंतरच्या सत्रात, एम. ए. च्या एका विद्यार्थ्याने उभे राहून विचारले, "सर, नौदलातून निवृत्त झालेली माणसं जहाजावरच्या रोजच्या जगण्याच्या ज्या गमतीदार आठवणी सांगतात, लिहितात, त्या कोणत्या वाङ्मयप्रकारात घालायच्या?" अध्यक्षस्थानी असलेल्या ज्येष्ठ समीक्षकांनी क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले : "ते हलकेफुलके लेखन. दिवाळी अंकात ठीक आहे. समीक्षेने त्यासाठी वेळ दवडू नये." सभागृह हसले. विद्यार्थी खाली बसला. मीही हसलो होतो. प्रस्तुत लेख हे त्या हसण्याचे प्रायश्चित्त समजावे.

माझे म्हणणे आधीच स्पष्ट करतो. युद्धनौकेवरील दैनंदिन जीवनाच्या विनोदी आठवणी काठावरच्या ठरवून आपण बाजूला सारतो, तेव्हा त्या जहाजावरच्या बहुसंख्य माणसांनी मागे ठेवलेली जवळजवळ एकमेव साक्ष आपण बाजूला सारत असतो. उलट, 'जवानांच्या गमतीजमती' म्हणून त्यांचे कौतुक करतो तेव्हाही आपण ती साक्ष ऐकत नाहीच. दोन्ही वेळा एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो : हा विनोद कोणाच्या जिवावर उभा आहे? समीक्षेने नेमका हाच प्रश्न विचारायचा असतो. तो विचारण्याचा कंटाळा आपण 'हलकेफुलके' या एका शब्दाआड लपवला आहे.

आधी आपल्या समुद्राकडे पाहू. आपल्या कवितेत समुद्र भरपूर आहे आणि जहाजेही आहेत. सावरकरांची १९०९ मधील ब्रायटनच्या किनाऱ्यावरची कविता आपल्याला मातृभूमीच्या विरहाची म्हणून ठाऊक आहे. कुसुमाग्रजांच्या 'विशाखा' (१९४२) मधील 'कोलंबसाचे गर्वगीत' आपण सर्वांनी शिकले आणि शिकवले. त्या कवितेची थोरवी मला मान्य आहे. पण तीत बोलतो तो कोलंबस, खलाशी ऐकतात. हा कवितेचा दोष नव्हे, ती नायकाचे स्वगत म्हणूनच लिहिली आहे. दोष असेल तर तो आपल्या वाचनाचा. जहाज म्हटले की आपल्याला ध्येय, क्षितिज, वादळ आणि कप्तान आठवतात. वास्तविक जहाज ही शेकडो माणसांना दिवसातून तीनदा जेवू घालणारी एक हलती खानावळ असते. तिथे भांडी घासली जातात, संडास धुतले जातात, पितळ चमकवले जाते, गंज खरवडला जातो आणि पुन्हा रंग दिला जातो. कोलंबसाच्या जहाजावर डाळ कोण शिजवत होते, असा प्रश्न वर्गात विचारला तर विद्यार्थी हसतील. त्यांना ते हसू आपणच शिकवले आहे.

हा प्रश्न मला पडला तो कोणत्याही ग्रंथामुळे नव्हे, तर माझ्या मामांमुळे. मामा मालवणजवळच्या एका गावचे. १९६० च्या दशकाच्या आरंभी ते नौदलात स्वयंपाकी म्हणून भरती झाले आणि पंधरा वर्षे नोकरी करून गावी परतले. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भाचरे त्यांच्या पडवीत जमत असू. मामा सुपारी कातरत बसत आणि जहाज सुरू होई.

त्यांची पहिली गोष्ट ठरलेली असे, ती लोणावळ्याची. नौदलाच्या रिवाजानुसार किनाऱ्यावरच्या आस्थापनेलाही जहाजाचेच नाव आणि जहाजाचाच दर्जा मिळतो. लोणावळ्याला १९४५ साली सुरू झालेली 'शिवाजी' ही नौदलाची अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्था असे एक जहाज आहे : समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या माथ्यावर, धो धो पावसात उभे असलेले. तिथे जमिनीला डेक म्हणायचे, स्वयंपाकघराला गॅली, संडासाला हेड्स. फाटकाबाहेर चिक्की आणायला निघालेला माणूस बाजारात जात नाही, तो 'किनाऱ्यावर' जातो. मामा म्हणत, "दर्यो खंय आसा? पण जहाज आसा!" आम्ही हसून लोळत असू. आज वाटते, सत्तेच्या भाषेवर इतके नेमके भाष्य मला पुढे एम. ए. च्या दोन वर्षांतही ऐकायला मिळाले नाही. सत्ता एका इमारतीला जहाज म्हणते, आणि तिच्यात राहणाऱ्यांना ती डोलत नसतानाही डोलत असल्यासारखे बोलावे लागते. इथे हुकूम आणि वास्तव यांत जे अंतर पडले आहे, त्यात मामांचा विनोद घर करून बसला होता.

दुसरी गोष्ट रंगाची. जगातल्या बहुतेक सैन्यांत एक म्हण फिरत असते : जे हलते त्याला सलाम ठोका, जे हलत नाही त्याला रंग फासा. मामा तिला स्वतःची पुस्ती जोडत. मोठे साहेब तपासणीला येणार म्हटले की, "आम्ही हललो नाही तर आम्हालाही रंग लागेल, या भीतीने उगाच इकडून तिकडे फिरत असू." खवळलेल्या समुद्रात ताटे घसरू नयेत म्हणून मेजावर ओले फडके अंथरायचे, पातेले निम्मेच भरायचे, आणि तरीही डाळ पाटलोणीवर सांडायची. समुद्र लागणे ही नवशिक्यांची नामुष्की समजली जाई. त्यांना धीर देण्यासाठी नेल्सनचा दाखला दिला जाई. ब्रिटिश आरमाराचा हा सर्वांत मोठा नायक आयुष्यभर समुद्र लागण्याने हैराण असे, हे खरेच आहे. मामांचे तात्पर्य मात्र वेगळे असे : "त्येका वांती झाली की लोक त्येका मोठो माणूस म्हणत, आमका झाली की फडको देत."

तिसरी गोष्ट डाळीची. खलाशांच्या जेवणाची चव रोज एका अधिकाऱ्याने घ्यायची, असा नियम होता. मामांच्या एका जहाजावर त्या चवीसाठी एक लहान पातेले वेगळे शिजत असे. त्यात निवडलेली डाळ, वरून फोडणी. बाकीच्यांच्या मोठ्या भांड्यातल्या डाळीत खडे असत, कारण पोती तशीच येत आणि इतकी डाळ निवडायला माणसे नसत. एके दिवशी मामांनी दोन्हींतली डाळ अदलाबदल करून वाढली. अधिकाऱ्याने चमचा तोंडात घातला आणि खडा दाताखाली आला. समोर माणसे ताठ उभी. थुंकता येईना. हा प्रसंग मामा पडवीत उभे राहून साभिनय करून दाखवत : तोंड बंद, डोळे विस्फारलेले, गळ्याची घाटी वरखाली, आणि शेवटी खडा गिळून साहेबांनी वहीत मारलेला शेरा, 'उत्तम'. इथे आम्ही इतके हसत असू की पुढचे एक वाक्य आमच्यापर्यंत कधी पोहोचलेच नाही. ते वाक्य मला फार उशिरा, आईकडून कळले. मामांची रजा रद्द झाली होती. त्या रजेत माझ्या आईचे लग्न होते. नवऱ्या मुलाचा कान पिळायला सख्खा भाऊ हजर नव्हता. कानपिळीचा मान एका चुलतभावाने घेतला. आईने हे सांगितले तेव्हा तिच्या लग्नाला तीस वर्षे होऊन गेली होती, आणि तरी तिचा आवाज बदलला.

मी आईला विचारले, "मग मामा हे कधी सांगत का नसत?" ती म्हणाली, "सांगत होता की. दर वर्षी सांगत होता. तुम्ही हसत होतात."

आपली समीक्षा कोठे चुकते, ते मला या प्रसंगात दिसते. विनोदी आठवण आपण हशा पिकतो त्या जागी थांबवतो. सांगणारा मात्र पुढे बोलत असतो.

या चुकीची मुळे जुनी आहेत. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हास्याचे सहा प्रकार सांगितले आणि ते पात्रांच्या प्रकृतीनुसार वाटून दिले. उत्तम प्रकृतीच्या वाट्याला स्मित आणि हसित, मध्यमांच्या वाट्याला विहसित आणि उपहसित, अधमांच्या वाट्याला अपहसित आणि अतिहसित. थोरांनी दात न दाखवता हसावे. खालच्यांनी डोळ्यांत पाणी येईपर्यंत, अंग हलवून हसावे. ही विभागणी आपण परीक्षेपुरती पाठ करतो. पण तिच्यात दडलेली श्रेणी आपल्या अभिरुचीत कशी मुरली आहे, इकडे आपले लक्ष जात नाही. सूक्ष्म, संयत, सूचक विनोद वरचा; अंगविक्षेपाचा, संडासाचा, उलटीचा, शिव्यांचा विनोद खालचा. आता हा जिना जहाजावर उभा करून पाहा. वरती अधिकाऱ्यांची वॉर्डरूम, मध्ये दुय्यम अधिकाऱ्यांचा मेस, खाली खलाशांचा मेस-डेक. भरताचे तीन मजले जसेच्या तसे! वॉर्डरूममधली आठवण 'खुसखुशीत' ठरते, तिला पुस्तकाची बांधणी आणि प्रस्तावना मिळते. मेस-डेकवरची आठवण 'ग्राम्य' ठरते आणि पडवीतच विरते. हा निवाडा आपण रसिकतेच्या नावाखाली देतो. प्रत्यक्षात आपण हुद्द्याला सलाम ठोकत असतो.

कोणी म्हणेल, हे सारे तुमच्या मामांच्या प्रेमापोटी चालले आहे. म्हणून दोन इंग्रजी पुस्तकांचा दाखला देतो. दोन्ही युद्धनौकेवरच्या रोजच्या जीवनाबद्दल आहेत, दोन्हींत विपुल विनोद आहे आणि दोन्ही लेखक त्या जीवनातून गेलेले आहेत. फ्रेडरिक मॅरिअट हा ब्रिटिश आरमारातला कप्तान. त्याची 'मिस्टर मिडशिपमन ईझी' ही कादंबरी १८३६ ची. तिचा नायक जॅक ईझी हा एका तत्त्वज्ञानवेड्या बापाचा मुलगा. सर्व माणसे समान आहेत, हा बापाचा सिद्धान्त घेऊन तो जहाजावर येतो आणि प्रत्येक हुकमाशी वाद घालू लागतो. विनोद निर्माण होतो तो या विसंगतीतून : समुद्रावर समता ही खुळचट कल्पना आहे, हे त्याला पावलोपावली कळत जाते. पुस्तक अत्यंत वाचनीय आहे आणि मी ते हसत हसत वाचले आहे. पण तिथले हसू कोणाच्या बाजूचे आहे, याबद्दल शंका राहत नाही. कप्तानाच्या नजरेतून समता हास्यास्पद दिसते, आणि वाचकाला पान उलटता उलटता कप्तानाच्या शेजारी नेऊन उभे केले जाते.

त्यानंतर चौदा वर्षांनी, १८५० मध्ये, हर्मन मेल्व्हिलचे 'व्हाइट-जॅकेट' आले. मेल्व्हिल अमेरिकन आरमाराच्या एका लढाऊ जहाजावर साधा खलाशी म्हणून राहिला होता. त्याच्या पुस्तकात जेवणाच्या वेळांवर एक प्रकरण आहे. जहाजावर हुद्दा जितका मोठा, तितकी जेवणाची वेळ उशिराची. साध्या खलाशांना दुपारी बारालाच जेवायला बसवतात. मग एकेक पायरी वर चढत सर्वांत मोठे साहेब चारनंतर जेवतात. आणि खलाशांची तिन्ही जेवणे सकाळी आठ ते दुपारी चार या आठ तासांत उरकली जातात, म्हणजे उरलेले सोळा तास उपाशी. मेल्व्हिल हे अगदी गमतीच्या सुरात सांगतो. पण हिशोब वाचकाच्या मनात राहतो आणि हसू ओसरल्यावर भूक शिल्लक राहते. याच पुस्तकात चाबकाच्या शिक्षेविरुद्धची त्याची घणाघाती प्रकरणे आहेत, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात अमेरिकन काँग्रेसने आरमारातील फटक्यांची शिक्षा रद्द केली. पुस्तकामुळेच ती रद्द झाली असा दावा मी करणार नाही; त्या शिक्षेविरुद्धची चळवळ आधीपासून चालू होती. माझा मुद्दा एवढाच की, जेवणाच्या वेळांवर विनोद करणारा आणि चाबकाविरुद्ध लिहिणारा हात एकच होता. 'हलकेफुलके' आणि 'गंभीर' असे दोन कप्पे त्या हाताला ठाऊक नव्हते.

म्हणजे जहाज तेच, डेक तोच. पण मॅरिअट तो एका टोकाकडून पाहतो आणि मेल्व्हिल दुसऱ्या. 'विनोदी सागरी साहित्य' असे एकच लेबल लावून दोघांना एका फळीवर ठेवणारा ग्रंथपाल चालेल. समीक्षक चालणार नाही.

आता मुंबईकडे वळतो, कारण या प्रश्नाचा सर्वांत जळजळीत पुरावा आपल्याच शहरात आहे. कुलाब्याची 'तलवार' ही रॉयल इंडियन नेव्हीची संदेशवहनाची प्रशिक्षण संस्था. तीही लोणावळ्यासारखीच कधीही न तरंगलेली 'जहाज'. १ डिसेंबर १९४५ रोजी नौदल दिनानिमित्त ती नागरिकांसाठी खुली व्हायची होती. त्या सकाळी अधिकाऱ्यांना काय दिसले? भिंतींवर ब्रिटिशविरोधी घोषणा, जळालेल्या पताका, आणि डोलकाठीवर टांगलेल्या झाडू आणि बादल्या. हे करणाऱ्यांपैकी एक असलेल्या बी. सी. दत्त यांनी 'म्युटिनी ऑफ द इनोसन्ट्स' (१९७१) या पुस्तकात तो सारा काळ सांगितला आहे. झाडू आणि बादली ही खलाशाची रोजची हत्यारे. साहेबांनी मिरवण्यासाठी राखलेल्या काठीवर ती नेऊन टांगणे, हा शुद्ध विनोद आहे. तो अपहसित आहे की अतिहसित, हे भरताला विचारावे. त्या विनोदासाठी तुरुंगात जावे लागणार होते, हे टांगणाऱ्यांना ठाऊक होते.

पुढचा इतिहास परिचित आहे, निदान असायला हवा. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी 'तलवार'वरच्या नौसैनिकांनी निकृष्ट अन्न नाकारले आणि काम बंद केले. त्यामागे प्रमुख अधिकाऱ्याने वापरलेली अपमानास्पद भाषा होती, गोऱ्या आणि काळ्या नौसैनिकांच्या पगारातला फरक होता, आझाद हिंद सेनेच्या खटल्यांनी तापलेले वातावरण होते. काही दिवसांतच हा संप सुमारे ७८ जहाजे, २० किनारी आस्थापना आणि २० हजार नौसैनिकांपर्यंत पसरला. मुंबईच्या रस्त्यांवर गोळीबार झाला, दोनशेहून अधिक माणसे मेली. २३ फेब्रुवारीला, सरदार पटेलांच्या सल्ल्यावरून, नौसैनिकांनी शरणागती पत्करली. ज्यांना बडतर्फ केले त्यांना स्वातंत्र्यानंतर भारताच्याही नौदलाने परत घेतले नाही आणि पाकिस्तानच्याही.

संप समितीच्या मागण्यांची यादी साहित्याच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. तीत राजकीय कैद्यांची सुटका आहे, इंडोनेशियातून भारतीय सैन्य मागे घ्या अशी मागणी आहे. आणि त्याच यादीत चांगले हिंदी जेवण हवे, सेवामुक्त होताना कपडे परत मागू नयेत, अधिकाऱ्यांनी नीट वागवावे, हेही आहे. इंडोनेशिया आणि जेवण एका कागदावर! एखाद्या विनोदी लेखकाने ही यादी रचली असती तर आपण तिला विसंगतीचा उत्तम नमुना म्हटले असते. नौसैनिकांना तीत कोणतीही विसंगती दिसली नाही. रोजचे ताट आणि जगाचे राजकारण यांच्यामध्ये भिंत असते, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. ती भिंत आपल्या अभ्यासक्रमांनी नंतर बांधली. १९०५ मध्ये काळ्या समुद्रात 'पोटेमकिन'वर बंड पेटले तेही किडके मांस नाकारल्यावरून. त्यावर आयझेनस्टाइनने १९२५ साली चित्रपट काढला, आणि उत्पल दत्त यांनी १९४६ च्या उठावावर १९६५ मध्ये 'कल्लोल' हे नाटक बंगालीत रंगभूमीवर आणले. जो उठाव मुंबईत झाला, त्याचे नाटक आपण कलकत्त्यावर सोपवून मोकळे झालो.

आता संभाव्य आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप भावनेचा असेल. सैनिकांच्या आठवणींची चिकित्सा कशाला? त्यांनी देशासाठी सोसले. दोन घटका हसून त्यांनी मन मोकळे केले तर त्यातही तुम्ही वर्ग आणि श्रेणी शोधणार? मी म्हणतो, आदर असेल तर शोधलेच पाहिजे. ९ डिसेंबर १९७१ रोजी 'खुकरी' बुडाली, तेव्हा १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्यासोबत गेले. कॅप्टन मुल्ला यांचे नाव आपल्याला ठाऊक आहे आणि ते ठाऊक असलेच पाहिजे. पण त्या १७६ माणसांचा आदल्या संध्याकाळचा चहा, त्यांची थट्टा, त्यांची भांडणे आपल्यापर्यंत कशी येणार? 'खुकरी'चा विषय निघाला की माझे मामा गप्प होत, सुपारी कातरणे थांबे, आणि मग ते एकदम दुसरीच कुठलीतरी गमतीची गोष्ट सुरू करत. ज्यांना पदकांच्या प्रशस्तिपत्रात जागा नाही, त्यांचे जगणे कुठे उरत असेल तर ते अशा गमतींत उरते. त्या न वाचता केवळ गौरव करणे हा आदर नव्हे, ती टाळाटाळ आहे.

दुसरा आक्षेप आमच्याच वर्गातल्या, सिद्धान्तप्रिय सहकाऱ्यांचा. त्यांच्या मते असा विनोद म्हणजे वाफ सोडण्याची झडप. तो व्यवस्थेला टिकवून धरतो. म्हणून तो प्रतिगामी. यात तथ्य नाही असे नाही. वॉर्डरूमच्या आठवणींतला बावळट स्वयंपाकी, वेंधळा नवशिका, इंग्रजी न समजल्याने भलतेच काहीतरी करून बसणारा खलाशी, ही ठरलेली पात्रे नक्कीच व्यवस्थेच्या सोयीची आहेत. पण मेस-डेकवरच्या प्रत्येक हशाला झडप म्हणणे हा आळस आहे. डोलकाठीवरची झाडू झडप होती काय? आणि अधिकाऱ्याच्या प्रत्येक आठवणीला दडपशाही म्हणणे, हाही त्याच आळसाचा दुसरा भाग. स्वतःवर हसणारा अधिकारी असतो, हाताखालच्यांच्या चातुर्याची कबुली देणारा अधिकारी असतो. कोणता विनोद झाकतो आणि कोणता उघडे करतो, हे सिद्धान्त सांगू शकत नाही. ते एकेक आठवण हातात घेऊन, निवडून पाहावे लागते. डाळ निवडतात तसे.

तिसरा आक्षेप असा की, इतके प्रश्न विचारले तर विनोद मरेल. या आक्षेपाला उत्तर मराठीतच शंभर वर्षांच्या आसपास उभे आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आपण मराठी आत्मकथनाचे शिखर मानतो. तीत हसू नाही असे पान शोधावे लागेल. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाचे वर्णन वाचताना हसू आवरत नाही. पण ते वेड कोठून आले? १८५७ च्या धामधुमीनंतर लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली, आणि त्या आघातानंतर वडिलांच्या मनाने सोवळ्याचा आधार धरला. फाशीपासून सोवळ्यापर्यंत आणि सोवळ्यापासून मुलींच्या हालांपर्यंत ती सारी साखळी लक्ष्मीबाई हसत सांगतात. तिथे आपण 'हलकेफुलके' म्हणत नाही. दुःख दिसूनही हसू मरत नाही, उलट ते खोल होते, असेच आपण वर्गात शिकवतो. मग हीच दृष्टी जहाजाच्या शिडीवरून खाली उतरायला का कचरते? दलित आत्मकथनांनी 'कोण बोलतो आहे' हा प्रश्न आपल्याला विचारायला लावला. 'कोण हसतो आहे आणि कोणावर' हा त्याच प्रश्नाचा पुढचा भाग आहे, आणि तो अजून आपण धड विचारलेला नाही.

काय करता येईल, हेही सांगितले पाहिजे. नाहीतर हा लेखही चर्चासत्रातल्या भाषणासारखाच होईल. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांतल्या गावोगावी नौदलातून निवृत्त झालेली माणसे आहेत. त्यांत स्वयंपाकी आहेत, बॉयलरवर घाम गाळलेले आहेत, कोठार सांभाळलेले आहेत. १९६० च्या दशकात भरती झालेली पिढी आता ऐंशीच्या घरात आहे किंवा गेली आहे. प्रत्येक मराठी विभागाने एम. ए. च्या प्रकल्पासाठी दरवर्षी दोन विद्यार्थी या कामाला लावले, तरी दहा वर्षांत एक मोठा संग्रह उभा राहील. त्यात भाषेचाही लाभ आहे. तांडेल, सारंग, नाळ, शीड हे दर्यावर्दी शब्द आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. गॅली, मेस, लिबर्टी, हेड्स यांना मालवणी किंवा कोल्हापुरी तोंडात बसवून या माणसांनी जी बोली घडवली, तिची नोंद मी तरी कोठे पाहिलेली नाही.

आणि पद्धत? चर्चासत्र संपल्यावर मी त्या विद्यार्थ्याला चहाच्या टेबलापाशी गाठले. त्याचे आजोबा नौदलात इंजिनरूममध्ये होते. म्हणूनच त्याने प्रश्न विचारला होता, आणि सभागृहात आम्ही हसलो ते त्याच्या आजोबांवर हसल्यासारखे त्याला वाटले होते. मी त्याची क्षमा मागितली. मग त्याला एकच सूचना केली. आजोबांकडे बस, त्यांना गमतीच सांगू दे, मनापासून हस. हसून झाले की लगेच दुसरी गंमत मागू नकोस. थोडा थांब आणि विचार, "मग पुढं काय झालं, आजोबा?"

माझ्या मामांना हा प्रश्न मी कधी विचारला नाही. ते गेले त्याला आता बारा वर्षे झाली.